सात सीटांची गाडी आणि मी मारलेल्या दोन थापा

सगळ्यात आधी आली ती नात. मुलाची मुलगी, माझी एकुलती एक. फाटकातूनच ओरडली, "आजी, मिळालं लायसन!" आणि ते कार्ड माझ्या नाकाला लावलं. फोटोत मी चोर दिसते म्हणाली. मला तर अगदी मोठी साहेबीण वाटली. तिच्यामागून तिचा बाप आला, पण तो नेहमीसारखा फाटकाबाहेर थांबला. अंगणातल्या त्या फरशीवर तो पाय देत नाही, नऊ वर्षं झाली. त्याचा चहा मी फाटकावरूनच देते. मग खांद्यावर बॅटरी घेऊन गॅरेजवाला आला. सगळ्यात शेवटी शेजारची नर्सबाई, ड्यूटीवरून थेट, सुजलेले पाय चपलेत मावत नाहीत म्हणून चप्पल हातात.

आता मुलगा आणि नात गेले. उरलेले दोघे संध्याकाळी सही करायला परत येणार आहेत. तोवर लिहून काढते.

तर मी, वय एकोणऐंशी, चौथी पास, धंदा शिवणकाम, एक डोळा मोतीबिंदूने गेलेला पण डोकं जागेवर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. कोणी दटावलं नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलं नाही. कोपऱ्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मुद्द्याचं तेवढं लिहा, गप्पा नकोत." त्यांना काय, त्यांचं लग्न व्हायचंय अजून.

कलम पहिले. घर मुलाला आणि मुलीला निम्मं निम्मं. मधे भिंत घालायची नाही. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, हे दोघांनाही माहीत आहे, तरी लिहिते. बँकेत जे असेल तेही निम्मं निम्मं.

कलम दुसरे. ह्यांची सुतारकामाची पेटी, म्हणजे दोन रंधे, पाच पटाश्या आणि मोठी करवत, मुलीला. लहानपणी तीच ह्यांच्या शेजारी भुशात बसायची. केसांतून भुसा काढता काढता माझे हात दुखायचे. जावयाने पेटीला हात लावू नये. त्याने एकदा पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. हे आठ दिवस त्याच्याशी नीट बोलले नव्हते.

कलम तिसरे. शिलाई मशीन सुनेला. तिला शिवता येत नाही, पण शिकेल. नाही शिकली तरी तिलाच. नऊ वर्षं ती एका न बोलणाऱ्या माणसाशी संसार करते आहे, मला सगळं दिसतं.

कलम चौथे. थोरल्या जाऊबाईंना काही नाही. गाडी आमची, पण पुढची सीट दरवेळी त्यांची. "मला मागे मळमळतं गं." मला काय मागे फुलांचा वास यायचा? त्यांचं त्यांना मिळालं.

कलम पाचवे. गाडी.

गाडी माझ्या नावावर आहे. ह्यांनी मुद्दाम माझ्या नावावर घेतली. शोरूममधल्या मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही चालवणार?" मी म्हटलं, "मी बसणार, ते काय कमी काम आहे?" खरंच काम होतं. इतकी उंच की ह्यांनी मला चढायला पाट करून दिला, आणि तो पाट कायम माझ्या सीटखाली. तिसऱ्या रांगेत बसलं की गुडघे कानाला लागायचे आणि गार हवा तिथे पोचेपर्यंत दमून जायची. पुढे विनोद झाला की मागे कोणीतरी सांगायला लागायचं काय झालं ते, आणि आम्ही मग उशिरा हसायचो. पण सात माणसं एकाच दाराने निघायची आणि एकाच वेळी पोचायची. माझ्या माहेरी कधी सातजण एका वेळी कुठे पोचले नव्हते. सीटकव्हरं मी शिवली, जुन्या पडद्यांची, निळी. शेजारची बाळंतीण ह्याच गाडीतून नेली आणि बाळासकट आणली. फार सुख दिलं गाडीने, खोटं कशाला बोलू.

आता ह्यांची एक पद्धत होती ती सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तरुणपणी हे लाकडाच्या वखारीत ट्रक भरायचे. तिथली रीत अशी की मागच्या माणसाने गाडीच्या पत्र्यावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की येऊ दे मागे. तीच रीत ह्यांनी घरात आणली. आमच्या अंगणाला उतार आहे. हँडब्रेकवर ह्यांचा विश्वास नव्हता, म्हणून स्वतः केलेली लाकडी पाचर डाव्या मागच्या चाकाखाली ठोकलेली असायची. निघताना हे ती काढायचे, बाजूला व्हायचे आणि दोन थापा मारायचे. मग मुलगा गाडी मागे घ्यायचा. मागे काही आलं की वाजणारं एक यंत्र गाडीत होतं, पण त्या पूंऽपूंऽने ह्यांचं डोकं उठायचं. गॅरेजवाल्याकडून त्याची वायर काढून घेतली. म्हणाले, "आपली माणसं आहेत मागे. यंत्र कशाला?"

त्या दिवशी लग्नाला निघालो होतो. सून मागच्या दाराला कुलूप लावत होती. मुलगा स्टिअरिंगवर, इंजिन चालू. नात तेव्हा नऊ वर्षांची, तिसऱ्या रांगेत रुसून बसलेली, नवा फ्रॉक टोचतो म्हणून. काचेला नाक लावून बसली होती, नाकाचा पार बटाटा झाला होता. मला हसू आलं. मी उजव्या बाजूला होते. हे चष्मा आणायला आत गेलेत असं मी धरून चालले. तिला हसवायला म्हणून मी त्या काचेवर हाताने थाप मारली.

दोन मारल्या.

हे आत गेले नव्हते. पलीकडच्या बाजूला चाकाशी वाकून पाचर काढत होते. निघाली होती ती, हातात होती.

ह्याहून जास्त मी लिहिणार नाही.

चौकशीत मुलाने सांगितलं की मला दोन थापा ऐकू आल्या. मुलगी तिच्या घरून आली, तिने ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, बाबांचे दोन्ही हात पाचरेवर होते. थापा कुठल्या हाताने मारल्या त्यांनी? आरसे कशाला असतात गाडीला? निदान गेलेल्या माणसाच्या नावावर तरी खपवू नकोस." त्यानंतर भाऊबहिणींत एक शब्द नाही.

तेराव्या दिवशी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "आई, मला खरंच ऐकू आल्या गं. दोन. तू तिथेच होतीस ना?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं रे."

मग तो कान तपासून आला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मग तो डोकं तपासून आला. त्या गोळ्या अजून चालू आहेत. गाडी त्याने पुन्हा चालवली नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेला, पाण्याचे पंप दुरुस्त करायला बसने जातो, तीस किलोचा पंप मांडीवर घेऊन. आणि मी इथे, कापड घालून झाकलेल्या गाडीशेजारी.

भीती वाटली, दुसरं काही नाही. मुलगी मला आई म्हणायचं सोडेल, ही भीती. एक मूल गेलंच होतं वाळीत, दुसरं हातचं जाऊ नये, म्हणून मी त्या गेलेल्याला तिथेच राहू दिलं. आईने असं करू नये. मी केलं.

हे मी माझ्याबरोबर जळून जाऊ दिलं असतं. पण आज नवी बॅटरी बसवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. नात स्टिअरिंगवर बसली, पाठ ताठ, दोन्ही आरसे तीनतीनदा बघितले. मला इतका आनंद झाला की मी धावतच बाजूला गेले आणि कौतुकाने हात उचलला.

तिने काच खाली केली. "आजी, हात खाली घे. तिथे थापा नको मारूस."

"कसल्या थापा?"

"त्याच. तेव्हा मारल्या होत्यास तशा."

गाडी बंद केली तिने. मी पायरीवर बसले. ती शेजारी येऊन बसली.

"मी मागेच होते ना गं. मी पाहिलं सगळं."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"लहान होते तेव्हा वाटायचं, तुला पोलीस धरून नेतील. मोठी झाल्यावर वाटलं, तू सांगशील. वाट बघत होते." आणि फाटकाकडे मान करून म्हणाली, "त्यांच्याकडे बघवत नाही गं मला."

तिचा बाप तिकडे रिकामा कप कठड्यावर ठेवून उभा होता. त्याला वाटलं, आजी-नातीचं काही गुपित चाललंय. हसला आमच्याकडे बघून.

म्हणून कलम सहावे. सदर गाडी माझ्या नातीला. त्या पूंऽपूंऽची वायर गॅरेजवाल्याने आधी जोडावी, मग चावी द्यावी.

कलम सातवे. वरची थापांची हकीकत मी मेल्यावर कोणी उघडून वाचावी असं नाही. मेल्यावर सांगणं सोपं आहे. ही मी स्वतः वाचून दाखवणार आहे, मुलगा आणि मुलगी समोर असताना, फाटकाशी का होईना. मी वाचायच्या आधी मेले तर नातीने वाचावी. दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचावी.

साक्षीदार आले. दोघांनी वाचलं. गॅरेजवाला मुंडी खाली घालून म्हणाला, "आजी, वायर काढणारा मी. ते पण लिहा." लिहिलं आहे. त्याला गाडीचा जॅक द्यायचा मनात होता, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, तर राहिला.

नर्सबाई म्हणाली, "आणि हे ऐकून मुलगी उठून गेली तर? परत आलीच नाही तर?"

मी म्हटलं, "नऊ वर्षं तो राहिला ना तसा. आता मी राहीन."

तिने माझा हात धरून कागद सरळ केला आणि सही करायची जागा दाखवली.

सही : मी, लिहून देणार, त्यांची आई (अंगठा नाही, सही)

साक्षीदार पहिला : गॅरेजवाला, नाक्यावरचा
साक्षीदार दुसरी : नर्सबाई, शेजारच्या

ठिकाण : घराची पुढची खोली
तारीख : १६ जानेवारी, गुरुवार

ता.क. मुलगा आणि नात रविवारी येतो म्हणून गेलेत. सह्या झाल्यावर मुलीला फोन केला, तूही रविवारी ये म्हटलं. दादा असणार आहे, हेही सांगितलं. मग म्हणाली, "येते. दहाला." म्हणजे रविवार, १९ तारीख, सकाळी दहा.