पत्रिकांची शाळा

५ मे
सुट्टी लागून पाच दिवस झाले आणि पोरगी अक्षरं विसरली! मार्चात धडा वाचायची. आज 'पाऊस' वाच म्हटलं, तर 'प' म्हणून माझ्या तोंडाकडं बघत बसली. चौथीत जायची आता!
ऊसतोडीवरून आल्या दिवशीच रणधीर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आई, हर्षाली वाचती झाली आसल तर अवंदाबी ठेव तुज्याकडं. न्हायतर संगं न्हेतो. धाकट्याला सांभाळील." आज पुन्हा तेच. सून भुवनेश्वरी खाली मान घालून भाकरी थापत राहिली.
शाळा उघडायच्या आत घडाघडा वाचायला लावते, म्हणाले. बोलून तर बसले.

८ मे
पुस्तकं शाळेनं जमा करून घेतलीत. मग लग्नपत्रिका काढल्या. यंदा तेरा आल्यात. मी स्वतः पत्रिकांवरच शिकले – नावं ओळखीची, त्यांवरून अक्षरं धरायची. हे चिडवायचे, "तू शिकलीस आन् पंचाईत झाली. आता कळलंच न्हाय म्हणून लग्न चुकवता येत न्हाय!"
पुतण्याच्या पत्रिकेत यांच्या नावाआधी 'कै.' छापलंय. हा चौथा उन्हाळा. हर्षालीनं तेवढंच गाळलं. मी दुरुस्त केलं नाही.

१५ मे
पळायला लागली! 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'अगत्य येण्याचे करावे'पर्यंत एका दमात!

१८ मे
नाक कापलं.
शेजारचे दगडोबा आईच्या, मथुराबाईंच्या तेराव्याचा कागद घेऊन आले. रणधीर घरातच होता. मीच मिरवायला गेले – "वाच गं." आणि ही खणखणीत सुरू, "आमचे येथे श्रीकृपेकरून..." मथुराबाईंचं लग्नच लावलं! असला कागद वाचला की फाडायचा असतो. मी अर्ध्यातच हिसकून फाडला. वेळसुद्धा बघितली नाही.
दगडोबाच बिचारे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी, लेकरू हाय."
ते गेल्यावर रणधीर हसला. "पोपट केलाय की तू!"
खरंच आहे. सगळ्या पत्रिका सारख्याच असतात, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

१९ मे
पत्रिका बंद. पाटीवर लिहून दिलं – विहीर, बाभळ, करडई. पहिल्याच अक्षराला अडते. रागानं एक धपाटा घातला. ती रडली नाही. मीच रडले.

२७ मे
तेच. विहीर, विहीर, विहीर!

२ जून
ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला. रणधीरनं त्याला सांगून टाकलं, पोरगीबी येणार म्हणून. हे असते तर एका शब्दात गप्प केलं असतं त्याला. माझं कोण ऐकतंय!
अजून दोन आठवडे आहेत. सोडणार नाही.

९ जून
भुवनेश्वरीनं दवाखान्यातून गोळ्या आणल्या. तिला वाचता येत नाही. मी पाण्याची घागर घेऊन दारापर्यंत आले, तर आत हर्षाली हळू आवाजात चिठ्ठी वाचून दाखवत होती. हातानं लिहिलेली, बारीक अक्षरातली. "एक गोळी सकाळी जेवणानंतर. पाच दिवस. अशक्तपणा वाटल्यास पुन्हा दाखवावे." कुठंही अडली नाही.
"अगं, मग आजीपुढं का गं वाचत न्हाईस?"
"वाचलं की मला हितंच ठेवतेत. मला तुज्यासंगं यायचंय."
आता रणधीर विचारून गेला, "काय, वाचती का?"
मी चूल फुंकत राहिले.