कुसूच्या उशाशी

बऱ्हाणपूर, १९५७

सोम. १५ जुलै
शी! ह्यांचा कचेरीचा काळा कोट काढला तर हिरवा. केस फुटावेत तशी बुरशी. लोणच्यावर पांढरी साय. सगळ्या घराला ओल्या पोतेऱ्याचा वास. कुसू पहाटेपासून खोकतेय. सहा वर्षांची पोर, म्हातारीसारखी छाती वाजते.

गुरु. १८ जुलै
वरच्या मोरीचं पाणी आमच्या भिंतीत. मालकीणभाभीला सांगितलं. "बहनजी, बरसात है, सबके यहाँ होता है." तोंड पाहा. हे म्हणतात क्वार्टर मिळेल. अर्ज नागपूरला होता, आता फायली भोपाळला गेल्या. नवं राज्य झालं, आमची भिंत तीच. सोडा घालून चारी भिंती पुसल्या. हातांची सालं निघाली.

शनि. २७ जुलै. दिव्याची अवस
जिवतीचा नवा कागद लावला, कुसूच्या उशाशी. खळ घट्ट केली होती, छान चिकटला. जुन्यावरच लावते. लेकरं राखणारी देवी, तिला फाडायचं नाही. बाळूच्या वर्षी जुना फाडून काढला होता मी. कार्तिकात बाळू गेला. दहा महिन्यांचा

पुढे लिहीत नाही.

गुरु. १ ऑगस्ट. नागपंचमी
आज चिरायचं नाही, खरवडायचं नाही. म्हणजे बुरशीचाच सण. मेली खुशाल पसरतेय. कुसूचे डोळे सुजलेत.

मंगळ. ६ ऑगस्ट
शनवारा पेठेत डॉक्टरकडे. म्हणाले, ॲलर्जी. बुरशीची. "झोपते कुठे? डोक्याशी काय आहे?" मी म्हटलं, भिंत. रोज पुसते मी. "सगळी?" हो म्हटलं. वाटेत आठवलं, तेवढा चौकोन सोडून.

बुध. ७ ऑगस्ट
कागदाचा कोपरा नखानं उचलला. आत काळंकुट्ट, बुळबुळीत. किडे वळवळत होते. ओकले मी मोरीत. चार वर्षांची कणकेची खळ! भाभीला शिव्या देत होते, आणि ह्या घाणीला दर साल मीच जेवू घालत होते. कोपरा परत दाबून बसवला. हात तीनदा धुतले. कुसूचं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. ह्यांना सांगितलं, भिंतीशी गळतं.

शुक्र. ९ ऑगस्ट
पुरण केलं. जिवतीला नैवेद्य दाखवला, नाकाला पदर लावून. कुसू दोन रात्री खोकली नाही. हे खूष. "चुलीची ऊब मानवली पोरीला."

बुध. १४ ऑगस्ट
दोन दिवस झड. स्वयंपाकघरात पाणी शिरलं, अंथरूण काल परत भिंतीशी. सकाळी कुसूचे ओठ निळे. बोलता येईना तिला. डॉक्टरनं सुई दिली तेव्हा श्वास मोकळा झाला.
ह्यांना सगळं सांगितलं. भिंतीशी गेले, कागदाचा कोपरा उचलून पाहिला. मग, "तू काढतेस की मी काढू?"
म्हटलं, मीच काढीन. काही झालं तर माझ्यावर येऊ दे.

गुरु. १५ ऑगस्ट
ह्यांना सुट्टी. बादली धरून उभे होते. आधी हळद-कुंकू वाहिलं, मग गरम पाणी मारलं. चारी कागद एकदम सुटून हातावर आले, सडक्या सालीसारखे. घाण वास. रडले मी. भिंत विटेपर्यंत खरवडली. ह्यांनी चुना लावला. कागद पुडीत बांधून बाहेर कोनाड्यात ठेवलेत. तापीला पूर आहे, ओसरला की सोडायचे.

शुक्र. १६ ऑगस्ट
नवा कागद आणला नाही. कुसू विचारते, "आई, देवी कुठे गेली?" म्हटलं, अंघोळीला. पाटावर बसवून तिलाच ओवाळलं. परगावच्या लेकरांसाठी चार दिशांना अक्षता टाकतात, तशा टाकल्या. एक चिमूट नदीकडे, बाळूला.
कालची रात्र नीट गेली. ओवाळताना मात्र दोनदा शिंकली. वातीच्या धुरानं असेल.