देवीदास आज कोणाचा

२० सप्टेंबर १९३८, मंगळवार

माझ्या मनीकडे, म्हणजे मनकर्णाकडे, तिची आत्या आली, अकोल्याहून. सोबत मुलगा — देवीदास. मॅट्रिक झालेला. परवा टॉकीजमध्ये पाहिलेल्या हिरोसारखा भांग पाडतो! कान जरा मोठे आहेत. पण हिरोचे कान तरी कोणी नीट पाहिलेत?

मी मनीला म्हटलं, मी मेले. ती म्हणाली, "थांब वं, आंधी मले मरू दे."

२१ सप्टेंबर

ठराव पास! रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी झाली की डबा हलवून आतली खिरापत ओळखायचीच असते. आम्हा दोघींत जी बरोबर ओळखेल, त्या दिवशी देवीदास तिचा. दुसरीने त्याच्याकडे बघायचंही नाही.

आज फुटाणे होते. मी जिंकले. तो आत्याला सोबत म्हणून आलेला, कंदील धरून अंगणात उभा. पोटभर पाहून घेतला.

सिनेमात हिरॉईन गाते तेव्हा हिरो धावत येतो. मी गायले तेव्हा गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. असो.

२४ सप्टेंबर

चार दिवस मीच! मनी एरवी नुसत्या वासावरून सांगते. आता डाळ्यांना लाडू म्हणते, आणि गाताना आवाजही फाटका काढते. वर्गात पहिला नंबर हिचा, माझा दुसरा — आणि इथे ही अशी!

आत्या रोज अगदी पुढे बसते. मला विचारलं, "तू कोनाची वं?"

"नत्थुजी माळ्यांची. सत्यभामा."

"सैपाक येते काय?"

"येते." खोटं! माझी भाकरी आमची गायसुद्धा हुंगून सोडते. पण देवीदासाची आई, म्हणून जरा गोड बोलले. हसली.

२७ सप्टेंबर

देवीदास शिंकला. दोनदा. माझा दिवस होता.

१ ऑक्टोबर, शनिवार

मनीला रंगेहाथ पकडलं! आधी जाऊन डब्याचं झाकण उघडून पाहिलं तिने — अनारसे. आणि ओळखायची पाळी आली तेव्हा म्हणते काय, चिवडा!

म्हणजे रोज मुद्दाम हरते. मी सगळ्यांसमोरून तिला ओढत बाहेर नेलं. "मले तुही भीक नको! पायजे असन तं लढ माझ्याशी."

ती न भांडता परत निघून गेली. बोलणं बंद म्हणजे बंद.

४ ऑक्टोबर

तीन दिवस अबोला. आज माझाच दिवस, देवीदास समोर, त्याच्या कानावर पतंगा बसलेला — आणि हसायला मनी नाही. तिच्याशिवाय तो नुसता कंदील धरलेला माणूस. चक्क कंटाळा आला. मला मनीची आठवण येते, लिहूनच टाकते.

७ ऑक्टोबर

शाळेतून येताना मनी रस्त्यात रडायला लागली. "भामे, मले माफ कर." कशाबद्दल, ते सांगेना. मी केलं माफ. मग एक संत्रं दोघींनी खाल्लं, आणि देवीदास तिला फुकट देऊन टाकला. तर आणखीच रडली! वेडी.

८ ऑक्टोबर, कोजागिरी

आत्या नारळ आणि लुगडं घेऊन आमच्याकडे आली. इतके दिवस ती पोरी पाहत होती! मनी सख्ख्या भावाची मुलगी, पहिला मान तिचा. पण तिला ना गळा ना अक्कल, म्हणाली. "तुमची सत्यभामा हुशार." बाबा खूश. तुळशीच्या लग्नानंतर माझं. शाळा सोमवारपासून बंद.

मनीच्या घरी धावत गेले. ती म्हणाली, "तुले आवडते ना तो? नाईतं मले जा लागलं असतं. मले शिकाचं हाये, भामे."

मलाही शिकायचं आहे, मने. मला तो फक्त बघायला हवा होता.