नियम क्रमांक सात

सोमवार, ६ जानेवारी १९५८
आज आमच्या अंधेरीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट आली. पुढे दोन लांब लोखंडी दात. ते पेट्यांच्या थप्पीखाली सरकवायचे, थप्पी उचलायची आणि न्यायची. आठ हमालांचे काम एक यंत्र करते. तिच्या सुरक्षित वापराची जबाबदारी मॅनेजरसाहेबांनी मजवर, म्हणजे स्टोअर्स सुपरिंटेंडंटवर, सोपविली. योग्यच झाले. बी. कॉम. झालेला आणि बावीस वर्षांत एक खिळा इकडचा तिकडे होऊ न दिलेला मनुष्य येथे दुसरा नाही.
चालक म्हणून मरोळचा क्लेमेंट नावाचा ख्रिस्ती गृहस्थ घेतला आहे. युद्धकाळात लष्करी डेपोत चार वर्षे हेच यंत्र चालविले म्हणतो. अनुभव आहे, पद्धत नाही. ती मी देईन.
संकल्प : नियमावली दहा दिवसांत पूर्ण. तपकीर आजपासून बंद.

गुरुवार, ९ जानेवारी
क्लेमेंट आज उंच थप्पी घेऊन चक्क उलटा निघाला. पेट्या मागे, यंत्राचे बूड पुढे, आणि हा मान वळवून बसलेला. नेमके तेव्हा मॅनेजरसाहेब दोन पाहुण्यांना शेड दाखवीत होते. आमचा कारखाना पाठमोरा चालतो, असा त्यांचा समज झाला असणार. शिवाय हे यंत्र मागच्या चाकांनी वळते. त्याचे बूड झोकांडी घेऊन माझ्या कोटाला घासून गेले.
जाब विचारला. माल डोळ्यांच्या वर गेला की उलटीच न्यावी लागते, पुढचे दिसत नाही, असे त्याचे म्हणणे. टांगा कधी उलटा चाललेला पाहिला आहेस का, असे मी विचारले.
तो म्हणाला, "टांगेवाल्याच्या डोळ्यांसमोर घोडा असतो, साहेब. पेट्या नसतात."
हमाल हसले. मी हसलो नाही.
तपकीर : दोनदाच.

शनिवार, १८ जानेवारी
नियमावली पूर्ण. एकतीस नियम. सहदेव पेंटरने सहा फूट बाय चार फुटांच्या पाटीवर सुरेख अक्षरांत रंगविले. दोन दिवसांचा उशीर पेंटरमुळे. नियम क्रमांक सात मला विशेष साधला आहे : 'वाहन सदैव समोर तोंड करूनच चालवावे. उलट दिशेने चालविणे हा शिस्तभंग समजण्यात येईल.'
क्लेमेंटने पाटी दोनदा वाचली. मग निम्म्याच पेट्या उचलतो म्हणाला. त्याने खेपा दुप्पट होतील, प्रॉडक्शनवाले ऐकणार नाहीत. सुदैवाने तोडगा मला तिथल्या तिथे सुचला. भरलेल्या यंत्रापुढे लाल निशाण घेऊन लहू हमाल चालेल. लहू चाळिशीचा, उंच, सांगितले तेवढेच करणारा मनुष्य.
क्लेमेंट म्हणाला, म्हणजे मला दिसत नाही तिथंच माणूस ठेवायचा. मी म्हणालो, जेथे दिसत नाही तेथेच पहारा लागतो. त्याने पाटी तिसऱ्यांदा वाचली.

सोमवार, २० जानेवारी
आरंभ झाला. पुढे लहू, मागे यंत्र. एकंदर दृश्य भारदस्त.

सोमवार, ३ फेब्रुवारी, सायंकाळी ६
दोन आठवडे, अपघात शून्य. आमच्या दुसऱ्या कारखान्यानेही हीच पद्धत स्वीकारावी, अशी शिफारस मॅनेजरसाहेबांकडे पाठविली. उत्तर यायचे आहे.
एकच उणीव. क्लेमेंट दर दहा फुटांवर यंत्र थांबवितो आणि "लहू, हायस ना रे?" अशी हाक देतो. लहू "हाय" म्हणतो. मगच हा पुढे सरकतो. नियम एकोणिसाप्रमाणे शेडमध्ये आरडाओरडा वर्ज्य आहे. हाका बंद करविल्या. कामाला लगेच वेग आला.

सोमवार, १० फेब्रुवारी
अक्षर वाईट येत आहे.
सव्वाअकराला आडव्या बाजूने ट्रक आला म्हणून लहू थांबला. निशाण नियमानुसार वर केले. ते ट्रकवाल्याला दिसले, मला दिसले, साऱ्या शेडला दिसले. पेट्यांच्या मागे बसलेल्या क्लेमेंटला दिसले नाही. लोक ओरडेपर्यंत उशीर झाला होता. लहूचा उजवा पाय घोट्याच्या वर मोडला. क्लेमेंटने उडी टाकून त्याला स्वतः उचलले आणि त्याच ट्रकमध्ये घातले.
माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मी पाटीखाली उभा होतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
अहवाल दिला. कारण : 'चालकाचे दुर्लक्ष.' अहवाल आटोपशीर असावा, म्हणून नियम सातचा आणि हाकांचा उल्लेख केला नाही. क्लेमेंटला घरी बसविले आहे. २० तारखेला फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन चौकशी करतील. दोष शाबीत झाला तर त्याची नोकरी जाईल. शिस्त कठोर असते. मी वैयक्तिक आकस ठेवलेला नाही.
तपकीर मोजली नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
इस्पितळात जाऊन आलो. सहा मोसंबी नेली. लहूची बायको मथुरा उशाशी बसली होती. मोसंबी तिने हातात घेतली नाहीत, तेव्हा मीच खिडकीत ठेवली.
लहूने मला बसा म्हटले. मग विचारले, "साहेब, निशाण मी वर धरलं होतं. खरं ना?" मी खरे म्हणालो. तो म्हणाला, क्लेमेंटला काढू नका, एवढं मोठ्या साहेबांना सांगा. तो हाक मारायचा तेव्हा बरं वाटायचं. पाठीत डोळे असल्यागत.
मथुरा एवढेच म्हणाली, "हाका कुणी बंद केल्या, ते पण सांगा."
संकल्प : उद्या पुरवणी अहवाल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
पुरवणी अहवालाने मूळ अहवालाविषयी संभ्रम उत्पन्न झाला असता. दिला नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
जेवताना सौ.ला सारी हकीकत सांगितली. नियम तर्कशुद्ध कसा, हेही ताटावर वाटी सरकवून दाखविले. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "तुम्ही कधी चाललात त्याच्या पुढं?"
स्त्रियांना प्रश्न विचारण्याचे भान नसते. परंतु या प्रश्नातून एक उत्तम कल्पना सुचली. इन्स्पेक्टरसाहेबांपुढे मी स्वतः निशाण घेऊन चालेन. क्लेमेंट भरलेले यंत्र चालवील. काही होणार नाही. मग दोष पद्धतीचा नव्हे, चालकाचा, हे आपोआप सिद्ध होईल. चार वेळा अंगणात चालून पाहिले. सौ.ने खिडकी लावून घेतली.

गुरुवार, २० फेब्रुवारी, सकाळी ७
नवा कोट. चित्त शांत. तपकीर फक्त डोके साफ राहावे म्हणून.

त्याच दिवशी, सायंकाळी
इन्स्पेक्टरसाहेबांनी पाटी वाचली. सातव्या नियमापाशी थांबले. नियम कोणी केले, असे विचारले. समितीने, असे मी म्हणालो. समितीत कोण कोण, असे त्यांनी विचारले. सध्या मीच आहे, असे सांगितले. त्यांनी काहीतरी लिहून घेतले.
मी प्रात्यक्षिकाची सूचना मांडली. क्लेमेंट म्हणाला, "नको, साहेब." मी आग्रह धरला. तो चढला. उंच थप्पी उचलली. मी निशाण घेऊन पुढे उभा राहिलो. सारी शेड भोवती जमली होती.
चालू लागलो. मागे इंजिन घुरघुरत होते. आवाजावरून अंतर कळत नाही, हे मला ठाऊक नव्हते. सातव्या पावलाला मानेवर ऊब जाणवली. नवव्याला पेट्यांची कडा कोटाला टेकली, अशी माझी खात्री झाली. मागे वळून पाहावे तर चाल मोडते. बाराव्या पावलाला मी निशाण टाकले आणि भिंतीकडे उडी घेतली.
कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.
वळून पाहिले. यंत्र जागचे हललेच नव्हते. क्लेमेंट खाली उतरून त्याच्याशेजारी उभा होता.
"मला दिसत नाय, साहेब," तो म्हणाला. "पुढं माणूस असताना मी नाय चालवणार. एकदा तुमचं ऐकलं."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडून काढून घेतली. कोणाकडे दिली ते विचारले नाही. क्लेमेंट सकाळी कामावर होता. उलटा चालवीत होता.
मी बारा पावले चाललो. तीही थांबलेल्या यंत्रापुढे. लहू एकोणीस दिवस चालला.
अहवाल परत मागून घेतला. 'चालकाचे दुर्लक्ष' यातील 'चालकाचे' एवढेच खोडले. तेथे काय लिहावे, याचे तीन मसुदे केले. तिन्ही लांबले, तिन्हींत समिती आली. शेवटी एकच शब्द लिहिला : 'माझे.' खाली सही केली. आज दुपारी नेऊन दिला.