पाच दिवसांच्या गोळ्या

आई, आज पुन्हा तोच धडा शिकवला. फार्मसी कॉलेजात तो दर हिवाळ्यात माझ्याच वाट्याला येतो, आणि दरवेळी वाटतं, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारावा. फळ्यावर आतडं काढते आणि सांगते की काहींच्या पोटात एक जीवाणू असतो, तो हृदयासाठीची डिगॉक्सिनची गोळी रक्तात पोचायच्या आधीच थोडी निकामी करतो. डॉक्टर तपासण्या करून त्या मानाने डोस बसवतात, आणि वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी खोकल्यासाठी अँटिबायोटिक देतं. तो जीवाणू मरतो, शिवाय जास्तीचं औषध बाहेर टाकायची शरीराची वाटही त्याच गोळीने अडते, आणि रोजचाच डोस अंगावर येतो. मुलं उतरवून घेतात. कुणीतरी म्हणजे मी, हे त्यांना माहीत नसतं.

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते मी, आणि तुझी हृदयासाठीची डिगॉक्सिन बरीच वर्षं चालू होती. बाबांची बँकेतून बदली होऊन इथे हिंदी मुलखात, वैशाली नगरात आलो त्याला सहा वर्षं झाली होती, तरी डॉक्टरांशी हिंदीत बोलायचं म्हटलं की तुझ्या जिवावर यायचं. "घरात शिकलेली पोरगी असताना बाहेर कशाला जाऊ? मतलब, साधा खोकला तर आहे," म्हणालीस. माझ्या आजारपणातली अँटिबायोटिकची एक अख्खी स्ट्रिप उरली होती, ती मी तुला दिली. पाच दिवस, दोन वेळा. किती कौतुकाने घेतल्यास. पुढे इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, नंतरही कधी नाही. एकदा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या गप्प राहण्याचाच आता थकवा येतो.

आज एका मुलीने विचारलं, "मॅम, पहले से कुछ पता नहीं चलता?" चलता है, म्हटलं. अन्नावरची वासना उडते, मळमळतं, पांढरं पिवळं दिसायला लागतं. एवढं बोलून तास लवकर सोडला.

त्या वर्षीच्या संक्रांतीचा आदला दिवस. तू शेगडीवर परात ठेवून हलवा करतेयस, तिळावर चमचा चमचा पाक सोडतेयस, बोटं पोळतायत. सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस. मी म्हणते, पित्त असेल. इथल्या कोरड्या थंडीत काटा छान येतो म्हणून तू दरवर्षी खूश असतेस, पण आज कपाळाला आठ्या आहेत. "पाक लागला की काय गं? बघ ना, पिवळा पडलाय हलवा." मी ओट्याला टेकून मोबाइल बघतेय. "हो, पडलाय थोडा. कोण बघतंय इथे?" तू हिरमुसतेस, साखरेला नावं ठेवतेस आणि डबा भरतेस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोसळलीस.

तेरावा झाल्यावर मी तो डबा उघडला. हलवा पांढराशुभ्र होता. आधी काही कळायला मार्गच नव्हता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, बाबांनासुद्धा. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते. त्या दिवशी मी मान वर करून बघितलंच नव्हतं.