भेटीची वेळ चार ते पाच

ता. ३
आले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी मेट्रनबाईंची. पलंग, टेबल, दोन खिडक्या आणि चक्क कुलूप लागणारं कपाट. ताईकडे अकरा वर्षं काढली, पण एक कप्पा काही माझा म्हणून नव्हता. भाच्याचं लग्न झाल्यावर तर माझी गत असून अडचण, नसून खोळंबा. निघताना ताईने विचारलं, एकटीला जमेल का गं? म्हटलं, न जमायला काय झालं? छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या, आता माझ्या चुका दुसरं कोणीतरी सुधारेल.

काम मनाजोगं आहे. या इस्पितळाचा इतिहास लिहायचा. ऐंशी वर्षांपूर्वी या जुन्या वस्तीतल्या ज्यू कुटुंबांनी ते बांधलं. एकेका घराने एकेक खाट दिली, दार मात्र सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. पुढे ती कुटुंबं देशोदेशी पांगली. मागे उरलेत फक्त इस्पितळाच्या ट्रस्टचे सेक्रेटरीकाका, वय अठ्ठ्याहत्तर. खाली सकाळचा दवाखाना चालतो, तो नर्सबाई सांभाळते. एक वाजता ती घरी जाते. मग अख्खी इमारत माझी!

ता. ६
आज भेटीची वही सापडली. इथला नियमच होता, की एकाही रोग्याने भेटीच्या वेळी एकटं पडायचं नाही. ज्याचं कोणी नसेल त्याच्याजवळ चार ते पाच समाजातलं कोणीतरी येऊन बसायचं. कधी शिंपी, कधी शिक्षिका, कधी बेकरीवाला. मग वहीत लिहायचं. 'खाट सात, खलाशी. आईबद्दल बोलत होता.' 'खाट बारा. बाई बोलल्या नाहीत, म्हणून मीही नाही. हात धरून बसले.'

डोळे भरून आले. माझ्याजवळ असं तासभर शेवटचं कोण बसलं होतं? पुष्कळ आठवून पाहिलं.

ता. ९
बंद वॉर्डात खाटा भिंतीला टेकवून उभ्या आहेत, खुर्च्या एकीवर एक रचलेल्या. त्यातली एक आज चारच्या सुमारास व्हरांड्यात दिसली. वेताची, उंच पाठीची. परत आत नेऊन ठेवली.

ता. १०
आज ती जिन्याच्या तोंडाशी. नर्सबाईला विचारलं, तुम्ही काढता का? ती म्हणाली, माझे गुडघे बघा नि मग बोला! वर यायला मला वेड लागलंय का?

ता. ११
पावणेचारला वॉर्डात जाऊन पाहिलं, खुर्ची जागेवर होती. बाहेरून कडी घातली. चार वाजून पाच मिनिटांनी माझं दार उघडलं, तर खुर्ची दारात. तोंड माझ्याकडे. बाकीच्या खुर्च्यांवर बोटभर धूळ आहे. हिची बैठक स्वच्छ पुसलेली.

ता. १२
सेक्रेटरीकाकांकडे गेले. वाटलं, हसतील. हसले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, पूर्वीच्या राखणदारालाही असंच झालं. आधी खुर्ची आली, मग ताप, मग भेटायला येणारं माणूस. त्याच संध्याकाळी तो गेला. भेटीला माणसं पाठवणारी समिती कधीच मोडली हो, पण भेटीला जाणाऱ्यांना ते कोणी सांगितलेलं दिसत नाही.

उपाय विचारला. म्हणाले, आपलं माणूस उशाशी असलं की ते आल्या पावली परत जातात. मग हळूच विचारलं, तुमचं कोणीच नाही का?

भीतीपेक्षा तेच जास्त लागलं. म्हटलं, आहे की. सख्खी बहीण आहे.

खोलीवर येऊन बॅग भरली. मग पलंगावर बसून राहिले. जाणार कुठे? ताईकडे मी झोपायचे त्या खोलीत आता पाळणा आहे.

ता. १३
खुर्ची खोलीत. दाराला आतून कडी होती.
अंगात ताप. ताईला फोन केला. तिच्याकडे पाहुणे आहेत, रविवारी बघते म्हणाली. खुर्चीचं सांगितलं नाही. काय सांगणार? गोळी घे, म्हणाली.

ता. १४
उठवत नाही. खुर्ची पलंगापासून हातभर. रिकामीच.
भीती वाटते. आणि लिहायची लाज वाटते, पण — थोडं बरंही वाटलं. कोणीतरी यायचंय म्हणून.
नको. असं वाटायला नको.

ता. १५
सकाळी नर्सबाई गुडघे धरत वर आली. ताप बघून तिनेच ताईला फोन लावला, चांगली खडसावली. मग फोन माझ्या कानाशी धरला. ताई रडत होती. म्हणाली, खुळे, आधी का नाही बोललीस? निघालेच मी. चारच्या आत पोचते.
खुळे म्हणाली. किती वर्षांनी —

नर्सबाई एकला गेली. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. दार नुसतं लोटून ठेवलंय, ताईसाठी.

साडेतीन. खुर्ची उशाशी.

चारला पाच कमी. खाली फाटक वाजलं. ताईच.

जिन्यावर पावलं. ताईच असणार. तिला दम लागतो, पहिल्या मजल्यावर थांबेल, कठडा धरून —

थांबली नाहीत. सरळ वर —

ताई, हाक मार ना. एकदा खुळे म्हण —

दार —