सिंधूबाईंना पाठवा

मंगळवार, संध्याकाळ
चोपडा

जळगावच्या पेन्शन कार्यालयातून आत्ता परतले. चहासुद्धा गोड लागला नाही.

हे गेले, आता ह्यांची पेन्शन मला लागू व्हायची आहे. ह्यांच्या नोकरीच्या कागदात बायको सिंधू, माझ्या आधारवर सुमन. आधार काढलं तेव्हा मी माहेरी होते, भावाने सवयीने जुनंच नाव सांगून टाकलं. खिडकीतल्या साहेबाने मान वर न करता निकाल दिला, "तुम्ही सुमन. सिंधूबाईंना पाठवा."

म्हटलं, "भाऊ, मीच सिंधू. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं होतं ते नाव."

"त्याचा काही पुरावा?"

"ते तांदूळ तेव्हाच शिजवून खाल्ले, भाऊ."

रांगेत हशा पिकला. मागची म्हातारी म्हणाली, "अक्का, हाऊ बठ्ठास्ले असंच सांगस." म्हणजे सगळ्यांनाच हे ऐकवतो तर. तेव्हा तरी त्याने मान वर केली का? छे. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

ह्यांचं दुखणं काढलं, घास भरवला, ती कोण होती मग? सगळ्यांदेखत मलाच परकी करून मोकळा झाला. त्याच्याही आईचं नाव सासरी बदललंच असेल की. कधी मान वर करून विचारलं असेल का तिला?

उद्या अर्ज लिहिते. खाली दोन्ही नावांनी सही करीन. साहेब, दोघींपैकी जी पटेल तिला कळवा, पण लवकर कळवा. दोघींना पोट एकच आहे.